ऑगस्टमध्ये महापूर, एप्रिलमध्ये टँकर : आपल्या जिल्ह्यातलं पाणी जातं कुठं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाड तालुक्यात, कृष्णा नदीला लागूनच. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत शिवारात पाणी होतं, पहिल्या दोन्हीत घरातही शिरलं. याच नदीच्या पात्रात २०१६ च्या उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि इकडं कोयनेचं पाणी सोडा म्हणून आपलं कर्नाटक सरकार महाराष्ट्राकडं मागणी करत होतं.

पूर आला की गंजी केंद्र (पूरग्रस्तांची छावणी), पंचनामा, भरपाई. नदी आटली की टँकर, बोअर, चारा छावणी. दोन्हींची खाती वेगळी, बैठका वेगळ्या, पुढाऱ्यांचे दौरेही वेगळे. मला हे दोन प्रश्न वाटतच नाहीत. पाऊस पडतो ते पाणी थांबायला जागा राहिली नाही म्हणून पूर येतो, आणि ते थांबलं नाही म्हणूनच उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते.

तर विचारायचं हे की तुमच्या गावचं तळं, ओढा, नाला पावसाळ्यात भरतो का? भरला तर मार्चपर्यंत टिकतो का? आणि पूर्वी टिकत होता, आता टिकत नाही असं असेल तर मधे काय झालं? धरणांवर बोलू नका असं म्हणत नाही, पण सुरुवात गावातल्या पाण्यापासून करूया.

निपाणीची_लेक

चांगला विषय दादा. माहेर यमगर्णीजवळ. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली, ट्रकांच्या रांगा लागल्या. टीव्हीवर सगळ्यांनी हायवे पाहिला. हायवेच्या खालच्या अंगाला तंबाखूची आणि उसाची रानं किती दिवस पाण्यात होती, ते कुणी दाखवलं नाही.

तिखटमीठ

धरणांवर न बोलता पाण्याचा धागा चालवायचा? आठव्या प्रतिसादाला अलमट्टी आली नाही तर सगळ्यांना कुंदा माझ्याकडून 😄

सांगलीकर

आठव्यापर्यंत कशाला थांबायचं? अलमट्टीच! आमच्याकडं पाणी चढतं ते खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं. ती ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची म्हणतात, मग सांगली-शिरोळचं काय होणार? यावर बोलल्याशिवाय हा धागा अर्धवट आहे.

तिखटमीठ

तिसऱ्यालाच आली. कुंदा वाचला.

शेडबाळकर

सांगलीकर, तुमचं दुःख खरं आहे, २०१९ ला आमचे पाहुणे तुमच्याकडं माळ्यावर अडकले होते. खरं एक गंमत बघा. तुम्ही म्हणता खालून अलमट्टीनं पाणी अडवलं. आमच्याकडं प्रत्येक जण म्हणतो वरून कोयनेतनं सोडलं. मधे आम्ही राहतो, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या शिव्या आम्हाला ऐकू येतात, आणि दोन्हीकडं आपलीच माणसं.

महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतोनात पाऊस आणि नदीच्या पूरक्षेत्रातली बांधकामं यांवर बोट ठेवलं होतं. तुम्हाला ते पटत नसेल तर नसू दे. पण पुराची निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते, आणि तिच्या आत बंगले कुणी बांधले याचं उत्तर अलमट्टीकडं नाही.

गणितमास्तर

आकडे पुढ्यात असले तर वाद जरा सरळ होतो, म्हणून लिहितो.

११,५७४ क्युसेकचा (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये अलमट्टीतनं पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं जात होतं, म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. आता आपली धरणं बघा. हिडकलची क्षमता ५१ टीएमसी. त्या वेगानं ते सव्वा दिवसाच्या आत काठोकाठ भरलं असतं. नवलतीर्थ साधारण ३७, ते एक दिवसही पुरलं नसतं. कोयना १०५, म्हणजे अडीच दिवसांच्या आत. आणि ही धरणं त्या आठवड्यात रिकामी नव्हती.

हा मुद्दा नीट समजून घ्या. सिंचनासाठी धरण सप्टेंबरअखेर पूर्ण भरलेलं पाहिजे. पूर अडवायचा तर तेच धरण जुलैअखेर निम्मं रिकामं पाहिजे. एकाच भांड्याकडून दोन उलट कामं मागायची तर तारीखवार ठरलेला पाणीसाठा काटेकोर पाळावा लागतो आणि पावसाचा अंदाज धरावा लागतो. त्यातून २०१९ सारखं साल आलं की सगळंच कोलमडतं. जून कोरडा गेलेला, त्यामुळं जुलैत आलेलं पाणी सोडायला कुणाचा हात धजत नव्हता. मग जुलैअखेरीपासून पंधरा दिवस आभाळ फाटलं. त्या साली हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा फार तापलेला होता, पूर्वभाग थंड. तो फरक विक्रमी होता. देशभरचा मान्सून सरासरीच्या ११० टक्के झाला.

आणि २०२३ आठवा. उशिरा आलेला मान्सून, जूनमध्ये बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयानं तळ गाठलेला, जुलैत धो धो, आणि लगेच १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस या हिशेबानं पेरणारा शेतकरी काय करेल?

पूर्वभाग

मी अथणीच्या पूर्वेकडचा, तेलसंगच्या बाजूचा. इथं पूर नाहीच. तुमच्याकडं नदी दारात येते म्हणून रडता, आमच्याकडं ढग वरनं जातात नि खाली बघत पण नाहीत.

राग मानू नका, खरं "तळी राखा, ओढे राखा" हे ऐकायला बरं वाटतं. कणकुंबी-आमगावला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, दोनशे किलोमीटरच्या आत. पडलाच नाही तर तळ्यात भरायचं काय? द्राक्षबागा जगवायला बोअर मारायचे, ते आटले की त्याच्या शेजारी आणखी खोल मारायचे. आमच्याकडं तळी भरली ती लिफ्टनं नदीचं पाणी आणून, केरे तुंबुव (तळी भरण्याच्या) योजनेतनं. ज्या गावाला ते पाणी आलं त्या गावातल्या विहिरी बोलायला लागल्या, ज्या गावाला नाही आलं ते अजून टँकरची वाट बघतंय. म्हणून मला धरण पाहिजे, पाईप पाहिजे, एप्रिलमध्ये कोयनेचं पाणी पाहिजे.

कृष्णाकाठ

पूर्वभाग, राग कसला. उलट तुमच्यामुळं माझा प्रश्न नेमका झाला. लिफ्टनं आणलेलं पाणी तुम्ही शेवटी तळ्यातच सोडता ना? तळं गाळानं भरलेलं असेल तर आणलेलं पाणी राहणार कुठं? आणि लिफ्ट चालू कधी करतात? नदी भरून वाहत असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात चालवली तर आमचा पूर तुमच्या तळ्यात जाईल. जानेवारीत चालवली तर आमच्या विहिरींचं पाणी जाईल.

पूर्वभाग

हे पटलं. पावसाळ्यातच चालवायला पाहिजे. आमच्याकडं तेव्हा कधी करंट नसतो, कधी मोटर जळालेली असते, आणि आमच्याकडं पाऊस नसला तरी कॅलेंडरवर पावसाळा असतो म्हणून कुणाला घाई नसते. गावकऱ्यांनी यासाठी रस्त्यावर बसायला पाहिजे, आणि ते जुलैमध्ये. आम्ही बसतो एप्रिलमध्ये.

रानवाटा

जांबोटी भागातून लिहितेय. वर कणकुंबीचं नाव आलं म्हणून.

आमच्या पावसाचा आकडा सगळे सांगतात, पण एप्रिलमध्ये आमच्याही बायका कळशी घेऊन झऱ्यावर रांगेत असतात हे किती जणांना माहीत आहे? उतार इतका की पाणी एका रात्रीत खाली जातं. झरे जगतात ते रानामुळं. जिथं झाडी दाट आहे तिथला झरा मे महिन्यापर्यंत बारीक का होईना वाहतो. जिथं रान तोडून डोंगर उघडा केला तिथं पावसात दरड आणि दिवाळीनंतर ओहोळ कोरडा. मलप्रभा इथं कणकुंबीला उगम पावते. ती जगवायची तर सुरुवात माऊलीच्या देवळामागच्या रानापासून करावी लागेल, सौंदत्तीच्या नवलतीर्थ धरणाच्या भिंतीपासून नाही.

आणि गोव्याकडं जाणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा विषय निघणारच आहे, तर आधीच सांगते, आमच्या भागात त्याला मनापासून विरोध आहे. कालवे खणताना जे रान जाईल तेच रान पाणी धरून ठेवतं.

मलप्रभेचा_लेक

ताई, तुमचं दुखणं समजतं. पण मी रामदुर्गचा. नवलतीर्थ धरण १९७२ पासून उभं आहे आणि ते पूर्ण भरलेली सालं बोटावर मोजण्यासारखी. त्यातनं शेतीलाही पाणी आणि हुबळी-धारवाडच्या पिण्यालाही. २०१८ ला म्हादई लवादानं हे पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेसाठी ३.९ टीएमसी मंजूर केलं ते आमच्या लोकांनी किती वर्षं आंदोलन केल्यावर, ते नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांना विचारा.

आणि २०१९ ला काय झालं? कधी न भरणारं धरण काही दिवसांत भरलं, दारं उघडावी लागली, आमच्या गावात पाणी, खाली पट्टदकलच्या देवळांत पाणी. वर्षानुवर्षं नदीत पाणी नाही म्हणून लोकांनी पात्राच्या काठापर्यंत ऊस लावला होता, काही ठिकाणी घरं बांधली होती. नदी रुंद असते हे एक पिढी विसरून गेली होती.

रानवाटा

शेवटची दोन वाक्यं वाचून थांबले. दादा, हे तुम्ही वेगळा धागा काढून लिहा. म्हादईवर आपलं जमणार नाही, पण पात्रात ऊस लावू नये यावर जमेल.

दुधगंगा_सदलगा

मूळ प्रश्नाला उत्तर देतो, आमच्याकडचं पाणी टिकतं की नाही ते सगळं बर्ग्यांवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापुरी बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि मधल्या गाळ्यांत फळ्या किंवा लोखंडी पत्रे बसवतात, ते बर्गे. पावसाळ्याच्या तोंडाला बर्गे काढायचे म्हणजे पूर मोकळा जातो. पाऊस ओसरला की बर्गे घालायचे म्हणजे नदी अडते आणि काठच्या विहिरींना पाझर राहतो. साधी गोष्ट. पण काढायला उशीर झाला तर पहिल्याच पुरात पाणी बाजूनं फुटून काठ कापून नेतं आणि बंधाऱ्यामागं गाळ बसतो. घालायला उशीर झाला तर नोव्हेंबरातलं वाहतं पाणी निघून जातं, आणि ते पाणी परत येत नाही. मी पाहिलंय, बर्गे गोदामात पडून आणि नदी वाहून चाललेली. कधी चोरीला गेलेले, कधी रबर कुजलेलं, कधी ठेकेदाराचं बिल अडकलेलं.

पावसाळ्यात कल्लोळ-येडूर बंधारा, मलिकवाड-दत्तवाड बंधारा पाण्याखाली गेला की बातमी येते, कारण वाहतूक बंद होते. बर्गे कधी घातले याची बातमी मी आजवर वाचलेली नाही.

गणितमास्तर

सदलग्याच्या दादांनी लाखमोलाचं लिहिलंय. वाळूचाही मुद्दा यात जोडा. पात्रात वाळूचा थर होता तेव्हा पूर ओसरल्यावरही वाळू पाणी धरून ठेवायची, काठच्या विहिरीला ते हळूहळू मिळायचं. वाळू उपसली, खाली खडक लागला. आता पाणी आलं तसं घसरत जातं आणि नदीचा तळ खोल गेल्यामुळं विहिरीचं पाणीच नदीकडं ओढलं जातं.

जुना_शहापूरकर

बेळगाव शहराचंही ऐका. आमची शेती शहापूर-वडगावच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याकाठी. हीच ती बासमतीची जमीन, जिच्या भाताचा वास शेजारच्या गल्लीत जायचा. आता दरवर्षी रोप लागण झाली की दहा-पंधरा दिवसांत नाल्याचं पाणी शेतात आणि रोप कुजून पिवळं. दुबार लागण करायची तर रोप कुठनं आणायचं? काही जणांनी भात सोडून दिला.

नाल्याला पाणी जास्त आलं असं नाही. शहराचा सगळा उतार नाल्याकडं, पूर्वी मधे रानं होती, डबकी होती, पाणी मुरत मुरत यायचं. आता काँक्रीट, गटारं, आणि पाऊस पडल्यावर तासाभरात सगळं पाणी एकदम. नाल्यात जलपर्णी आणि गाळ, कडेनं भराव, मोऱ्या लहान. आणि याच शहरात उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. राकसकोप आणि हिडकलकडं डोळे लावून बसायचं.

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खणली होती, गांधीजी अध्यक्ष होते ते अधिवेशन. ती काँग्रेस विहीर अजून आहे, पाणी आहे. शहरात अशा जुन्या विहिरी गल्लोगल्ली होत्या. कितीतरी बुजवून वर गाळे बांधले. ज्या राहिल्या त्यात गणपती विसर्जन आणि निर्माल्य. एक विहीर साफ करायला एका मंडळाचा डॉल्बीचा खर्च पुरे.

तिखटमीठ

काका, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला कुंदा. खरंच आणून देतो.

निपाणीची_लेक

शहापूरच्या काकांचा बासमतीचा विषय निघालाच आहे तर, कुणाकडं जुनं बी आहे का? माझ्या सासूबाई बरीच वर्षं शोधताहेत. आता जे बासमती म्हणून विकतात त्याला तो वास नाही.

जुना_शहापूरकर

थोडं आहे पोरी. निरोप पाठव. पण पाणी साचणाऱ्या वावरात लावू नका, ते भात उंच वाढतं आणि लोळतं.

काटणभावीकडचा

उशिरा आलो. वरची चर्चा वाचून एक नाव घ्यावंसं वाटतं, शिवाजी कागणीकर. बेळगावात त्यांना न ओळखणारा माणूस विरळा. काटणभावी आणि आजूबाजूच्या गावांत त्यांनी लोकांना बरोबर घेऊन तळी खोदली, चर मारले, झाडं लावली. डोंगराचं पाणी डोंगरात थांबलं म्हणून खाली विहिरींना पाणी आलं. पूर्वभाग दादांना सांगायचं तर तिथला पाऊस काही कणकुंबीएवढा नाही. पण मान्य, तेलसंगएवढा कमीही नाही.

तिथं मी एक गोष्ट शिकलो. तळ्यापेक्षा तळ्याकडं येणारा चर महत्त्वाचा. लोक तळं साफ करतात, फोटो काढतात. वरून पाणी आणणारा ओहोळ कुणीतरी नांगरून शेतात घेतलेला असतो. मग तळं स्वच्छ आणि कोरडं.

सांगलीकर

अलमट्टीवरून सुरू केलं होतं मी, आणि माझं मत आहे ते आहे, उंची वाढवायला माझा विरोधच. पण एक विचारतो. दोन्ही राज्यांच्या धरणांच्या विसर्गाची माहिती पावसाळ्यात आम्हाला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमधून का कळते? कोयना, वारणा, राधानगरी, हिडकल, अलमट्टी, राजापूर बंधारा, एका जागी, तासातासाला, मराठीत आणि कन्नडमध्ये. नदीला सीमा नाही तर माहितीला कशाला?

शेडबाळकर

यावर कडकडून टाळ्या. आणि उन्हाळ्यातलंही. दर मार्चमध्ये कर्नाटक कोयना-वारणेतनं पाणी मागतं, महाराष्ट्र म्हणतो सांगली जिल्ह्यातल्या जतला पाणी द्या. २०२२ ला सीमावाद पेटला तेव्हा कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी जतच्या सीमेवरच्या गावांत आलंच की. म्हणजे पाईप आहे, पाणी आहे, देता येतं. कायमचा लेखी करार करा, दरवर्षी पत्रं लिहीत बसू नका. एप्रिलमध्ये पाणी सोडलं तरी कोरड्या पात्रातनं कुडचीपर्यंत पोचेस्तोवर निम्मं जिरतं नि निम्मं मोटरी ओढतात. फेब्रुवारीत नदी ओली असताना सोडलं तर तेवढंच पाणी लांब जातं.

गणितमास्तर

गावच्या तळ्यानं काय फरक पडतो असं वाटणाऱ्यांसाठी हिशेब. दहा एकराचं तळं एक फूट गाळ काढून खोल केलं तर १ कोटी २३ लाख लिटर जास्तीचं पाणी मावतं. दहा हजार लिटरच्या टँकरनं आणायचं झालं तर बाराशेच्या वर खेपा. त्यानं महापूर थांबत नाही, महापुराचे आकडे मी वर दिलेत. पण एप्रिलमधली एका गावाची तहान भागते. नाल्याकाठच्या शेतात येणारं पाणीही कमी होतं, कारण शहापूरच्या काकांच्या शेतातला पूर कोयनेचा नाही, चार किलोमीटरवरच्या पावसाचा आहे.

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून आभार. मी सुरुवातीला विचारलं ते परत विचारतो, आता नेमकं. आपापल्या गावाबद्दल एवढं लिहा: तळ्याचा गाळ शेवटचा कधी काढला, त्यात पाणी आणणारा ओहोळ उघडा आहे की शेतात गेला, नदीकाठी असाल तर बंधाऱ्याचे बर्गे गेल्या वर्षी कधी घातले. एका तक्त्यात मांडतो आणि ग्रामसभेत ठेवायला मराठी-कन्नड दोन्हींत छापतो. कन्नडसाठी कुणीतरी मदत करा, माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे.

मलप्रभेचा_लेक

कन्नड मी करतो. पाठवा.

पूर्वभाग

आमच्या गावचं पहिलं लिहून घ्या. तळं साधारण सात एकर. गाळ रोजगार हमीतनं एकदा काढला, तोही कडेचाच, मधला तसाच. ओहोळ दोन ठिकाणी नांगरलेला आहे, एक शेत आमच्या चुलत्याचं. त्यांच्याशी या आठवड्यात बोलतो, ऐकतील असं वाटतं. लिफ्टचं पाणी अजून आलेलं नाही, पाईप वेशीपर्यंत आहे.

दुधगंगा_सदलगा

आमच्या बंधाऱ्याचे बर्गे गेल्या साली दिवाळीनंतर घातले. पंधरा गाळ्यांचे बर्गे कमी होते, तिथं मातीची पोती टाकली होती. यंदा रबर आत्ताच तपासायला सांगितलंय.